आईंच्या मापाची मोरी

मी तापट आहे. मी शिकवते त्या शाळेत पोरं मला मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे आणि ते खरंच आहे, त्यामुळे मी कधी कुणाला त्याबद्दल बोलले नाही. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या घरातली खालची मोरी फोडून नवी करायची निघाली, तेव्हा आपल्यापेक्षा वरचढ माणूस घरातच आहे हे मला कळलं. त्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणतो. धुळ्याकडच्या एका खेड्यात त्या एकट्या राहायच्या. सासरे गेल्यावर आम्ही कितीदा बोलावलं, पण आल्या तरी चार दिवसांत पिशवी भरायच्या. दिवाळीनंतर अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन जळगावला झालं आणि दवाखान्यातून त्या थेट आमच्याकडे आल्या. वॉकर घेऊन चालायचं, जिना चढायचा नाही, आणि जमिनीवर किंवा पाटावर खाली बसायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. परत पडल्या तर अवघड होईल, हे मात्र आम्हा नवराबायकोला बाहेर बोलावून सांगितलं.

वरची मोरी जिन्यामुळे बाद झाली. खालची मोरी जुनी, शहाबादी फरशीची, पाणी पडलं की नुसती बुळबुळीत. कोपऱ्यात पाण्याचा भलामोठा ड्रम, कारण नळ काही रोज येत नाही. त्यात प्लास्टिकची खुर्ची ठेवून आईंना बसवलं की दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागाच उरायची नाही. मग मी अर्धी आत, अर्धी बाहेर, दार सताड उघडं आणि त्यावर माझ्या जुन्या साडीचा पडदा. मी तांब्याने पाणी घालायची, पाठ घासायची, पाय धुवायची. आई भिंतीकडे तोंड करून बसायच्या. एरवी रस्त्यावरून जाणाऱ्या भाजीवाल्यालाही हाक मारून त्याच्या घरची खुशाली विचारणारी ही बाई, आंघोळीच्या त्या दहा मिनिटांत तोंडातून शब्द काढत नसे.

मार्चमध्ये त्यांनी आंघोळ टाळायला सुरुवात केली. आज सर्दी आहे, आज अंग दुखतं, आज एकादशी आहे. एकादशीचा आणि आंघोळीचा काय संबंध ते त्यांनाच माहीत. एकदा तर आपल्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाल्या, "आज नको माय, माले थंडी वाजस." जळगावात, एप्रिल महिन्यात! बाहेर कुत्री गाड्यांखाली सावली शोधत होती. माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले, बादली भरली, खुर्ची ठेवली आणि म्हटलं, "आई, आज तिसरा दिवस आहे. चला."

त्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मनं आंग मी धोस. मी काय धाकली पोर शे का? माले गावले धाडी दे. तठे मनी मोरी शे."

माझं अंग मी धुते, मला गावी पाठव, तिथं माझी मोरी आहे. संपलं. एवढंच म्हणणं होतं त्यांचं. मी तणतणत यांच्याकडे गेले. हे म्हणजे आमचे हे, बँकेतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी सकाळी दहाला शर्ट घालून बसणारे. मी म्हटलं, बघा तुमच्या आई काय म्हणताहेत. यांनी पेपर खाली केला आणि शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे की तिचं." त्या क्षणी मला दोघांचाही राग आला. पण भांडी घासता घासता मी मनात चित्र उभं केलं: मी खुर्चीवर बसले आहे, दार उघडं आहे आणि माझी सून मला घासते आहे. दुसऱ्या मिनिटाला ती बादली मी त्या सुनेच्या डोक्यात घातली असती. तेव्हा आईंचं बरोबरच होतं, फक्त ते कबूल करायला मला भांडी संपावी लागली.

मग आमचा करार झाला. शाळा उघडेपर्यंत आई थांबणार. तोवर त्यांना दार लावून, एकटीला आंघोळ करता येईल अशी मोरी आम्ही करून दिली तर त्या राहणार, नाही तर गावी जाणार. गावी त्यांचं काय होईल हे मला दिसत होतं. तीच बुळबुळीत फरशी, तोच पाट, आणि हाक ऐकायला कुणी नाही. मला खरोखर भीती वाटत होती. आणि मला भीती वाटली की मी कामाला लागते, आणि सगळ्यांना लावते.

सुट्टी लागली त्याच दिवशी मी चौकटीच्या कागदावर मोरीचा नकाशा काढला. खाली खरखरीत टाइल्स, भिंतीला पार छतापर्यंत टाइल्स, डोक्यावर हॉटेलात असतो तसा मोठा गोल शॉवर, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, साबणासाठी भिंतीतच कोनाडा. माप घ्यायला यांना भिंतीशी उभं केलं. इथं कोपर येतं, इथं दांडा. इथं छाती, इथं कोनाडा. हे बिचारे हात वर करून, हात खाली करून दमले. मी तो कागद यांच्या तोंडासमोर धरून विचारलं, कसा आहे? हे म्हणाले, छान. यांना तीस वर्षांत मी केलेलं सगळं छानच वाटलेलं आहे.

टाइल्सचं दुकान एका मारवाडी कुटुंबाचं, चार पिढ्या जळगावात मुरलेलं. शेठनी आधी चकाकणाऱ्या टाइल्स मांडल्या. मी म्हटलं, घरात ऑपरेशन झालेलं माणूस आहे. त्याबरोबर त्यांनी त्या सगळ्या उचलायला लावल्या, एक करडी टाइल जमिनीवर टाकली, स्वतःच्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं आणि म्हणाले, "भाभीजी, चप्पल काढा आणि उभ्या राहा. घरच्या माणसासाठी घेताय ना, मग डोळ्यांनी नका घेऊ, पायांनी घ्या." मी भर दुकानात अनवाणी त्या ओल्या टाइलवर उभी राहिले, टाच घासून पाहिली, एक पाय उचलून पाहिला. हे तोवर शेठनी मागवलेला दुसरा चहा पीत होते. खाली तीच करडी घेतली, आणि भिंतीला फिकट पोपटी.

मिस्त्री मिळाले ते साठीचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बोदवडहून सकाळच्या गाडीने यायचे, पिशवीतून थापी, ओळंबा आणि भाकरीचा डबा काढायचे आणि एकटेच कामाला लागायचे. मदतीला माणूस का घेत नाही विचारलं तर म्हणाले, माणूस घेतला की बोलावं लागतं. काम संपेपर्यंत आईंचं अंग मी त्यांच्या खोलीतच ओल्या पंचाने पुसून द्यायची.

त्यांनी जुनी फरशी फोडली, गच्चीवरच्या टाकीपासून नवे पाइप टाकले, खाली पाणी मुरू नये म्हणून काळा लेप दिला, आणि मग मला म्हणाले, "ताई, आता ही मोरी पाण्यानं भरा. दोन दिवस तशीच ठेवायची. पातळी उतरली नाही तर टाइल लावतो."

मी म्हटलं, "नाना, तुम्ही जळगावात आहात. नळ परवा येणार आहे."

"मग परवा भरू."

"आणि आम्ही प्यायचं काय?"

"टाइल लावल्यावर गळालं तर ताई, सगळंच परत फोडायचं काम येईल."

या माणसाशी भांडता येत नव्हतं. भांडणाला दोन बाजू लागतात, आणि नाना आपली बाजू मांडून लगेच सुपारी कातरायला घ्यायचे. शेवटी टँकर मागवला. घरात पिण्याचं पाणी मोजून वापरणारी मी, दोन दिवस मोरीत टाचभर स्वच्छ पाणी साठवून त्याला पहारा देत बसले. आई वॉकर घेऊन दोनदा डोकावायला आल्या. मी दोन्ही वेळा त्यांना परत पाठवलं, कारण धूळ होती आणि पाय घसरायची भीती होती. आणि खरं कारण सांगायचं तर, मला सगळं पूर्ण झाल्यावर एकदम दाखवायचं होतं. नाना आईंना अक्का म्हणायचे, त्यांनीही एकदा विचारलं, "अक्कांना बोलवायचं का जरा? माप बघितलं असतं." मी म्हटलं, माप कागदावर आहे. नानांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कामाला लागले.

पाणी उतरलं नाही. मग टाइल्स लागायला लागल्या. भिंतीच्या टाइल्स एकावर एक चढत गेल्या, मध्ये त्या छोट्या प्लास्टिकच्या फुल्या, सगळ्या फटी सारख्या. खालच्या उताराला नानांनी दोन दिवस घेतले. फुलपात्रातून प्रत्येक कोपऱ्यात थोडं पाणी ओतायचे आणि ते जाळीकडे कसं जातं ते उकिडवे बसून बघायचे. मला त्यांचं ते बघणं फार आवडलं. शॉवरचा पाइप वर गेला, दांडा बसला, कोनाडा झाला. पोपटी भिंतीवर सकाळचं ऊन आलं की मोरीतून बाहेर यावंसंच वाटत नव्हतं.

शाळा उघडायला आठ दिवस होते तेव्हा मी आईंना घेऊन आले. मागे हे, दाराशी नाना. आईंनी वॉकर उंबऱ्याशी थांबवला. शॉवरकडे मान वर करून पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, मग चारही कोपरे पाहिले, आणि विचारलं, "बसानं कोठे?"

मी म्हटलं, "आई, बसायचं नाहीच. इथं दांडा धरून उभं राहायचं. वरून पाणी पडतं. पाट नाही, तांब्या नाही, वाकायचं नाही."

आई म्हणाल्या, "उभं ऱ्हाईसन म्हैस आंग धोस. मानूस नही."

यांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं, पण मी बायको आहे, मला कळतं. माझा असा संताप झाला की सांगता सोय नाही. महिनाभर मी उन्हातान्हात दुकानं फिरले, टँकर आणला, घरभर सिमेंटची धूळ खाल्ली, आणि बक्षीस काय तर म्हैस. मी म्हटलं, "मग करा तुम्हाला हवं ते." आई म्हणाल्या, बरं, आणि वॉकर वळवून आत गेल्या. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्यांनी पलंगावर पिशवी काढली होती आणि एकेक लुगडं घडी करून तिच्यात ठेवत होत्या. रागाने नाही, अगदी रोजच्यासारख्या.

ते पाहिलं आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि मला रडू आलं. कारण आता मला दिसत होतं. ही बाई जन्मात कधी उभी राहून न्हाली नव्हती. त्यांच्या माहेरी, सासरी, आमच्या सगळ्यांच्याच घरी, माणूस दगडावर नाही तर पाटावर बसून, पुढ्यात बादली घेऊन आंघोळ करतो. मी स्वतः त्या सकाळी वरच्या मोरीत बसूनच आंघोळ केली होती! तरी नकाशा काढताना मला हॉटेल आठवलं, आणि माप घेतलं ते माझ्या पावणेसहा फुटी नवऱ्याचं. त्यालाही उभं करून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं माझं झालं होतं. आईंच्या आंघोळीची मोरी बांधली आणि आईंनाच विचारलं नाही.

मी नानांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

नाना सुपारी कातरत म्हणाले, "मला वाटलं होतं. पण कागद तुमच्याकडे होता."

मग उठले, अंगणात पडलेल्या विटा आणल्या आणि मोरीच्या लांबट भिंतीशी एकावर एक रचल्या. वर दोन गोणपाटं टाकली. आत जाऊन म्हणाले, "अक्का, जायचं तर जा. पण गाडी संध्याकाळी आहे. तोवर जरा येऊन बसता का? मला एक माप पाहिजे."

आई आल्या. कामकरी माणसाला त्या कधी नाही म्हणत नाहीत. मी आणि यांनी दोन्हीकडून धरून त्यांना विटांवर बसवलं. नाना समोर भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "आता कुणाला न धरता उठा."

आईंना उठता येईना. नानांनी त्यांना उठवून आणखी एक थर लावला. परत बसा, परत उठा. थोडं जमलं. आई म्हणाल्या, "आखो एक." आणखी एक थर लागला. आता पाय जमिनीला टेकेनात. "नही, हाऊ जास्त झाया." नानांनी वीट काढून तिच्या जागी पातळ फरशीचा तुकडा सरकवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बसा, उठा, काढा, घाला. मी भीतीने हात पुढे करून उभी, आणि आईंना तर रंग चढला होता. लुगड्याचा पदर खोचून त्या नानांना हुकूम सोडत होत्या. एकदा बसल्या, दोन्ही हात मांडीवर टेकले आणि कुणाला न धरता उभ्या राहिल्या. लगेच बसल्या आणि परत उठल्या, खात्री करायला. नाना म्हणाले, "हे झालं ओट्याचं माप."

मग नानांनी कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. म्हणाले, अक्का, बसल्या जागेवरून सहज हात जातो तिथं नळासाठी खूण करा. धरायला हात जातो तिथं दुसरी. साबण हवा तिथं तिसरी. आईंनी माझ्या पोपटी टाइल्सवर तीन जाड फुल्या मारल्या. त्या सगळ्या माझ्या दांड्यापासून, माझ्या कोनाड्यापासून हातभर खाली होत्या. माझी एकही गोष्ट जागेवर नव्हती. मी म्हटलं, "नाना, फोडा." आणि खरं सांगते, त्या टाइल्स फुटताना मला जराही वाईट वाटलं नाही. आई तर खुर्ची मागवून बघत बसल्या.

पिशवी तशीच अर्धी भरलेली पलंगावर राहिली. ती रिकामी करा असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सहा दिवसांत ओटा उभा राहिला, त्याच करड्या टाइल्सचा, कडा घासून गोल केलेला. नळ खाली आला, त्याला हातात धरायचा छोटा शॉवर लागला. बादली ठेवायलाही ओट्याच्या उंचीची जागा झाली, कारण तांब्याशिवाय आंघोळ झाली असं आईंना वाटणार नव्हतं. दार आत उघडायचं ते नानांनी, आत कुणी पडलं तरी अडू नये म्हणून, बाहेर उघडेल असं केलं. कडीवरून मात्र आमची जुंपली. मला कडीच नको होती. आई म्हणत, कडी नाही तर मोरी कशाला? शेवटी आतून ओट्यावर बसून हात पोचेल आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल असा बोल्ट लावला आणि आईंना तो फिरवून दाखवला. त्यांनी यांना आत बंद करून दोनदा बाहेरून उघडून पाहिलं, मग पसंत केला.

डोक्यावरचा तो मोठा शॉवर मी काढू दिला नाही. हे वापरतात.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी फटींचं सिमेंट पुरतं वाळलं. आईंनी सकाळीच सांगितलं की आज त्या आंघोळ करणार. मी बादली भरून ठेवली, टॉवेल दांड्यावर टाकला, साबण कोनाड्यात ठेवला. आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आई वॉकर घेऊन आत गेल्या, ओट्याशी वळल्या, बसल्या, वॉकर बाजूला सारला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी बाहेर आले. बोल्ट लागल्याचा आवाज झाला.

मी दारासमोर खुर्ची टाकून बसले. हे काहीतरी बोलायला आले, त्यांना मी हातानेच गप्प केलं. आतून तांब्याचा आवाज आला. एक. दोन. मी मोजत होते. मुठीत रुपयाचं नाणं धरलं होतं, ते घामाने ओलं झालं होतं. मग आवाज थांबला. एकदम सगळं शांत. मी उठले. नाणं बोल्टच्या खाचेत लावलं, आणि तशीच थांबले. आत गेले असते तर सगळी मोरी वाया गेली असती. गेले नाही आणि त्या पडल्या असल्या, तर मग काय? माझ्यासारख्या बाईला नुसतं उभं राहणं फार कठीण असतं. मी उभी राहिले. तेवढ्यात आत नळ सुटला आणि त्या पाण्याबरोबर आई काहीतरी गुणगुणायला लागल्या. एवढ्या महिन्यांत मोरीतून त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मी खुर्चीवर येऊन बसले.

बराच वेळ गेला. बादली संपली असणार, परत भरली असणार. इतकं पाणी त्यांनी सहा महिन्यांत मिळून वापरलं नसेल, पण त्या दिवशी मी काही बोलले नसते. मग बोल्ट सरकला आणि दार आतून हातभर उघडलं.

"ए माय, कोठे शे तू?"

"इथंच आहे आई. काय झालं?"

"बठ्ठं झायं. पाठ ऱ्हायनी. हात पुरस नही. जरासी चोळी दे."

सगळं झालं होतं, फक्त पाठ राहिली होती. दिवाळीनंतर इतके महिने मी त्यांची पाठ घासली होती, पण त्यासाठी त्यांनी मला हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा. मी पदर खोचला आणि आत गेले. दार लावून घ्यायचं का विचारलं, तर आई म्हणाल्या, "लाव, लाव. आते तू आपलीच शे." मी घासायला लागले आणि त्या लगेच ओरडल्या, हळू चोळ, कढई नाही ती.